मणक्यांतील अरुंद नळी: पायदुखीच्या एका विकाराचा आणि त्यावरील उपचारांचा इतिहास

कमरेच्या मणक्यांमधून जाणारी नळी वयोमानाने अरुंद झाली की तिच्यातील मज्जातंतू आवळले जातात. दुखणे मात्र कमरेपेक्षा पायांत अधिक जाणवते. थोडे चालले किंवा काही मिनिटे उभे राहिले की मांड्या-पोटऱ्या भरून येतात, पायांत मुंग्या येतात, पाऊल उचलणे जड जाते. खाली बसले किंवा पुढे वाकले की थोड्याच वेळात सारे निवळते. डॉक्टर या विकाराला लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. पासष्टीपुढच्या माणसांच्या कण्यावर ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांचे सर्वांत मोठे कारण हाच विकार आहे.

त्यावरील उपचारांचा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे: मज्जातंतू मोकळे करायचे तर कण्याचा किती भाग काढावा लागतो? १९५०च्या सुमारास या प्रश्नाचे उत्तर ‘मणक्यांची मागची संपूर्ण कमान’ असे होते. पुढच्या साठ वर्षांत ते घटत घटत अस्थिबंधाच्या काही मिलिमीटर जाडीपर्यंत आले. दाब नेमका कशाचा आहे हे जसे उमगत गेले, तसे काढण्याचे प्रमाण कमी झाले आणि उपकरणांनी त्याला साथ दिली. छेद लहान झाल्याने गुण अधिक येतो का, हा मात्र वेगळा प्रश्न ठरला. त्याचे उत्तर चाचण्यांतून शोधावे लागले.

नळीची रचना आणि बिघाड

कमरेत पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग भरीव व जाड असतो. मागे हाडाची कमान असते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चपट्या भागांना लॅमिना म्हणतात. कमानीच्या मध्यावरून मागे निघालेला काटा पाठीवरून बोट फिरवले की हाताला लागतो. मणके एकावर एक बसल्याने त्यांच्यातील पोकळ्या जुळतात आणि नळी तयार होते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीतून सुट्या मज्जातंतूंचा जुडगा उतरतो, त्याला कॉडा इक्विना म्हणतात. पाय, मूत्राशय आणि गुदद्वार यांचे मज्जातंतू याच जुडग्यात असतात.

नळीच्या पुढच्या बाजूला दोन मणक्यांमधली गादी असते. मागे दोन्ही कडांना फॅसेट नावाचे छोटे सांधे असतात आणि वरच्या कमानीपासून खालच्या कमानीपर्यंत पिवळसर, लवचिक अस्थिबंध ताणलेला असतो, तो लिगामेंटम फ्लेवम. उतारवयात गादीतील पाणी कमी होऊन ती बसते. मग मणके जवळ येतात, भार सांध्यांवर जातो, सांधे जाड होतात आणि त्यांना हाडाचे कंगोरे फुटतात. अस्थिबंध सैल पडून आत दुमडतो, शिवाय जाडही होतो. अशी सगळीकडून जागा कमी होते. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या दरम्यान हे सर्वाधिक घडते, त्याखालोखाल तिसऱ्या-चौथ्याच्या दरम्यान. वरचा मणका खालच्यावर किंचित पुढे घसरला तर नळी आणखी आवळते.

ताठ उभे राहिले वा मागे वाकले की कमानी एकमेकींजवळ येतात, अस्थिबंध आत फुगतो आणि उरलीसुरली जागाही घटते. पुढे वाकले की कमानी दूर होऊन तो ताणला जातो आणि जागा वाढते. १९९०च्या दशकात जपानी संशोधकांनी नळीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो झोपलेल्या अवस्थेत कमी, उभे राहिल्यावर जास्त आणि मागे वाकून उभे राहिल्यास सर्वाधिक आढळला. चालताना मज्जातंतूंना रक्त जास्त लागते, पण आवळलेल्या जागेत ते पुरेसे खेळत नाही. म्हणून सपाट रस्त्यावर थोड्याच अंतरात थांबणारा रुग्ण सायकल मात्र चालवू शकतो. त्याला उतारापेक्षा चढ सोपा जातो, कारण चढावर अंग आपोआप पुढे झुकते. दुकानातील ट्रॉली ढकलत तो बराच वेळ चालतो, तेही याच कारणाने.

विकाराची ओळख पटण्यापूर्वी

चालताना दुखणारा आणि थांबल्यावर बरा होणारा पाय वैद्यकात आधी रक्तवाहिन्यांच्या विकारातून ओळखला गेला, आणि त्यातही आधी घोड्यात. १८३१मध्ये पॅरिसचे पशुवैद्य बुले यांनी धावताना मागच्या पायाने लंगडणाऱ्या आणि विश्रांतीनंतर पुन्हा नीट चालणाऱ्या घोड्याचे वर्णन केले. त्याच्या मांडीची धमनी बंद झाली होती. १८५८मध्ये झाँ-मार्तँ शार्को यांनी माणसातही तसेच घडते हे दाखवले. त्यानंतर असा पाय म्हणजे धमनीचा विकार, हे समीकरण रूढ झाले. ज्यांच्या पायांतील नाडी उत्तम लागते पण चालताना पाय गळतात असे रुग्ण या चौकटीत बसत नव्हते. १९११मध्ये झ्यूल देजेरीन यांनी अशा रुग्णांचा वेगळा गट मांडला आणि दोष मज्जारज्जूच्या रक्तपुरवठ्यावर ठेवला. कण्याची अरुंद नळी त्यांच्याही मांडणीत नव्हती.

नळी अरुंद होऊ शकते हे शवविच्छेदनातून मात्र आधीच दिसले होते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ आंत्वान पोर्ताल यांनी १८०३मध्ये वाकड्या कण्यात नळी दाबली जाऊन पायांतील शक्ती जाते, असे नोंदवले. कमान काढून नळी उघडण्याची शस्त्रक्रियाही जन्माला आली होती, पण ती अपघात आणि गाठींसाठी. अमेरिकेत केंटकीमध्ये आल्बन स्मिथ यांनी १८२०च्या दशकाच्या अखेरीस घोड्यावरून पडून पांगळ्या झालेल्या माणसाच्या मोडलेल्या कमानी काढल्या आणि तो जगला. १८८७मध्ये लंडनमध्ये विल्यम गॉवर्स यांच्या निदानावरून व्हिक्टर हॉर्सली यांनी कण्यातील गाठ यशस्वीपणे काढली. जंतुनाशके आणि भूल हाताशी आल्यामुळे लॅमिनेक्टॉमी, म्हणजे कमान काढण्याची शस्त्रक्रिया, आता करता येण्याजोगी झाली होती.

अरुंद नळीसाठी ती केल्याच्या पहिल्या नोंदी विखुरलेल्या आहेत. लंडनचे आर्बथनॉट लेन यांनी १८९३मध्ये घसरलेल्या मणक्यामुळे पाय दुबळे झालेल्या स्त्रीवर ती केली. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड साक्स आणि जोसेफ फ्रेंकेल यांनी १९००मध्ये ४८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत छापली. पुढे वाकले की त्याचे पाय दुखायचे थांबत, आणि दोन मणक्यांच्या कमानी काढल्यावर त्याला आराम पडला. पुढे स्टेनोसिसची खूण मानल्या गेलेल्या गोष्टी तिथे जवळजवळ सगळ्या होत्या, पण त्या एका रुग्णापुरत्या राहिल्या.

१९३४मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी मज्जातंतू दाबते आणि त्यातून सायटिका होते, हे सिद्ध केले. हा शोध इतका ठसठशीत होता की पायात उतरणारी प्रत्येक कळ गादीच्या खाती जमा होऊ लागली. शल्यविशारद पाठ उघडत, गादी जागेवरच सापडे, आणि रुग्णाच्या दुखण्याचे कारण अनुत्तरित राही.

उट्रेख्ट, १९५४

हे कोडे सुटले ते नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे. हेंक व्हर्बिस्ट हे तिथले मेंदू व मज्जातंतूंचे शल्यविशारद. त्यांच्याकडे उभे राहिल्यावर आणि चालताना पाय दुखणारे, बधिर व दुबळे होणारे, झोपवून तपासले तर जवळजवळ निरोगी वाटणारे रुग्ण येत होते. नळीत द्रव सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये, म्हणजे मायलोग्राममध्ये, तो द्रव कमरेत एका जागी अडलेला दिसे. गाठ असावी असे समजून शस्त्रक्रिया केली तर गाठ नसे आणि गादीही सरकलेली नसे. असायची ती फक्त जाड कमान, आत घुसलेले सांधे आणि त्यांनी पिळलेला मज्जातंतूंचा जुडगा.

व्हर्बिस्ट यांनी शस्त्रक्रियेदरम्यान नळीची पुढून मागे असलेली खोली मोजायला सुरुवात केली. १९४९ आणि १९५० साली त्यांनी आपली निरीक्षणे फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली. त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९५४मध्ये सात रुग्णांवरील त्यांचा इंग्रजी लेख ब्रिटिश अस्थिशल्य नियतकालिकात आला आणि विकाराला स्वतंत्र अस्तित्व मिळाले. काहींची नळी वाढीच्या वयातच लहान राहते, आणि मग उतारवयातील किरकोळ झीजही तिला पुरते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी १० मिलिमीटर वा त्याहून कमी खोली म्हणजे निर्विवाद स्टेनोसिस आणि १० ते १२ मिलिमीटर म्हणजे सापेक्ष स्टेनोसिस, अशी मापे दिली.

१९६०च्या आणि १९७०च्या दशकांत या कल्पनेचा विस्तार झाला. केनियात काम करून कॅनडातील सॅस्कटून येथे स्थिरावलेले विल्यम कर्काल्डी-विलिस यांनी मृतदेहांतील कण्यांचा अभ्यास करून गादी आणि दोन फॅसेट सांधे या तिघांची झीज एकमेकांना कशी ओढत नेते, याची साखळी मांडली. १९७६मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून वर्गीकरण ठरवले. जन्मजात अरुंदपणा, झिजेतून आलेला अरुंदपणा आणि दोन्हींचे मिश्रण असे प्रकार त्यात वेगळे झाले. बहुसंख्य रुग्ण झिजेच्या गटातले आहेत हेही स्पष्ट झाले.

नळी डोळ्यांना दिसू लागते

व्हर्बिस्ट यांच्या काळात निदानाचा भार मायलोग्रामवर होता. १९२१मध्ये फ्रान्सच्या सिकार आणि फोरेस्टिये यांनी त्यासाठी आयोडीनयुक्त तेल वापरले होते. हे तेल नळीतच राहून काही रुग्णांत मज्जातंतूंच्या आवरणाला दाह होई, शिवाय पाठीत सुई घालावी लागे. १९७०च्या दशकात पाण्यात विरघळणारी द्रव्ये आली आणि धोका घटला. तरी मायलोग्राम अडथळा कुठे आहे एवढेच सांगे. तो कशाचा आहे हे सांगत नसे.

१९७१मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हौन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. काही वर्षांत संपूर्ण शरीराची यंत्रे आली आणि कण्याचा आडवा छेद जिवंत माणसात प्रथमच दिसला. पाठोपाठ १९८०च्या दशकात एमआरआयने गादी, अस्थिबंध आणि मज्जातंतू असे मऊ भागही सुईशिवाय दाखवले. दाब मुख्यतः दोन कमानींच्या मधल्या पट्ट्यात, गादीच्या पातळीवर आहे, हे या चित्रांतून उघड झाले. तिथे फॅसेट सांध्याची आतली कड आणि दुमडलेला अस्थिबंध हे खरे अपराधी होते. कमानीचा बराचसा भाग निर्दोष होता. तो काढण्याची गरज किती, हा प्रश्न इथून सुरू झाला.

चित्रांनी दुसरी अडचणही आणली. १९९०मध्ये स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी वा सायटिका कधीही न झालेल्या ६७ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा साठीपुढच्यांपैकी २१ टक्के लोकांत स्टेनोसिस आढळला. जपानमधील वाकायामा येथील लोकवस्तीच्या पाहणीत सुमारे ९ टक्के लोकांना लक्षणांसह हा विकार होता. मात्र चित्रात तीव्र अरुंदपणा दिसलेल्यांपैकी जेमतेम १७.५ टक्क्यांना त्रास होत होता. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय चित्रावरून घ्यायचा नसून रुग्णाच्या चालण्यावरून घ्यायचा, हा दंडक पक्का झाला. पायांतील नाड्या तपासून धमनीचा विकार वगळणेही तितकेच आवश्यक राहिले, कारण उतारवयात दोन्ही विकार एकाच माणसात असू शकतात.

मोठ्या शस्त्रक्रियेचे दिवस

प्रचलित लॅमिनेक्टॉमीत रुग्णाला पालथे झोपवून पाठीच्या मध्यावर लांब छेद घेतला जाई. दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढले जात. काटे कापले जात, कमानी छिन्नी आणि रॉन्जूर नावाच्या हाड तोडणाऱ्या चिमट्याने तुकड्या-तुकड्यांनी काढल्या जात आणि सांध्यांच्या आतल्या कडाही छाटल्या जात. मज्जातंतू मोकळे होत आणि बऱ्याच रुग्णांचे पाय लगेच हलके होत. पण स्नायू तासन्‌तास ताणले गेल्याने दुबळे पडत, आणि सांधे निम्म्याहून अधिक छाटले गेले तर मणका पुढे सरकण्याचा धोका वाढे.

या धोक्यावर तोडगा म्हणून मणके एकमेकांना जोडण्याकडे कल वाढला. फ्रान्सच्या रेमोँ रॉय-कामीय यांनी १९६३पासून मणक्याचा पुढचा भाग आणि कमान यांना जोडणाऱ्या खांबांत स्क्रू बसवण्याची पद्धत वापरली होती आणि पुढे ती जगभर गेली. त्याआधी १९४०च्या दशकात हवाईमध्ये रॅल्फ क्लॉवर्ड यांनी गादीच्या जागी हाड बसवून मणके पाठीमागून जोडण्याची ‘प्लिफ’ पद्धत सुरू केली होती. भारतात या पद्धतीशी मूळचे गोव्याचे मुंबईतील शल्यविशारद डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव जोडले गेले. १९९१मध्ये अमेरिकेत हर्कोविट्झ आणि कुर्झ यांनी मणका घसरलेल्या ५० रुग्णांच्या अभ्यासात, नुसती कमान काढण्यापेक्षा सोबत मणके जोडणे फायद्याचे असल्याचे दाखवले. जोडणी मग न घसरलेल्या मणक्यांतही होऊ लागली. रिचर्ड डेयो यांनी २०१०मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, अमेरिकेतील ज्येष्ठांत स्टेनोसिससाठी होणाऱ्या गुंतागुंतीच्या जोडण्या २००२ ते २००७ या काळात दर लाखामागे १.३ वरून १९.९ वर गेल्या. जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती नुसत्या मोकळे करण्याच्या शस्त्रक्रियेत २.३ टक्के, तर अशा जोडण्यांत ५.६ टक्के होत्या.

सूक्ष्मदर्शक, नळ्या आणि दुर्बीण

कमी काढण्याची वाट गादीच्या शस्त्रक्रियेने दाखवली. १९७७मध्ये झुरिकचे गाझी याशारगिल आणि जर्मनीतील वोल्फहार्ट कास्पर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेदातून सरकलेली गादी काढल्याचे प्रसिद्ध केले. उजेड आणि मोठे दिसणारे चित्र मिळाल्यावर खिडकी लहान ठेवता येते, हे त्यातून कळले. १९८०च्या दशकापासून स्टेनोसिसमध्येही संपूर्ण कमान न काढता तिच्या कडांना खिडक्या पाडण्याची लॅमिनोटॉमी रुळू लागली.

पुढची कल्पना अधिक चतुर होती. एकाच बाजूने शिरून, काट्याच्या मुळाखालचे हाड आतून पोखरत, मज्जातंतूंच्या पिशवीच्या डोक्यावरून पलीकडच्या बाजूला पोहोचायचे आणि तिथलाही अस्थिबंध काढायचा. १९९७मध्ये जर्मनीतील श्पेट्झगर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. तीत दुसऱ्या बाजूचे स्नायू, काटा आणि काट्यांमधले अस्थिबंध जागच्या जागी राहतात. जपानमध्ये २००५मध्ये वातानाबे आणि सहकाऱ्यांनी काटा मधोमध उभा चिरून, त्याला चिकटलेले स्नायू न सोडवता नळीपर्यंत जाण्याचा वेगळा मार्ग सुचवला.

१९९७ सालीच अमेरिकेत मेम्फिस येथील केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी स्नायू कापण्याऐवजी फाकवणाऱ्या नळ्या प्रसिद्ध केल्या. बारीक तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवत स्नायूंचे तंतू बाजूला केले जातात आणि शेवटच्या, सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून दुर्बीण वा सूक्ष्मदर्शकाने काम होते. २००२मध्ये खू आणि फेसलर यांनी याच मार्गाने स्टेनोसिसवर उपचार केलेल्या २५ रुग्णांची तुलना उघड्या शस्त्रक्रियेच्या २५ रुग्णांशी केली. रक्तस्राव कमी झाला आणि रुग्णालयातला मुक्काम घटला.

त्यानंतर पूर्ण दुर्बिणीचे तंत्र आले. जपानचे हिजिकाता आणि अमेरिकेतील परवीझ कांबिन यांनी १९७०च्या दशकात बाजूने सुई-नळी घालून गादी काढण्यास आरंभ केला होता, पण हाड घासण्याची सोय त्यात नव्हती. दुर्बिणीतून चालणारी ड्रिल यंत्रे आल्यावर २०००च्या दशकात जर्मनीत रुटेन यांनी स्टेनोसिसही त्या मार्गाने हाताळला. पुढच्या दशकात दक्षिण कोरियात दोन छिद्रांची पद्धत विकसित झाली. एका छिद्रातून दुर्बीण आणि पाण्याचा प्रवाह, दुसऱ्यातून हत्यारे. दोन्ही हात मोकळे राहत असल्याने आणि नेहमीचीच हत्यारे चालत असल्याने ती झपाट्याने पसरली. २०२०मध्ये कोरियातील ६४ रुग्णांच्या चाचणीत तिचा गुण सूक्ष्मदर्शकाच्या शस्त्रक्रियेइतकाच आला.

हाड जवळजवळ न काढता

पुढे वाकल्यावर बरे वाटते, तर कणा त्या एका जागी कायम थोडा वाकलेला ठेवला तर? या विचारातून काट्यांमध्ये पाचर बसवण्याचा उपाय निघाला. १९५०च्या दशकात अमेरिकेतील फ्रेड नोल्स यांनी गादीच्या रुग्णांसाठी पोलादी पाचर वापरून पाहिली होती, पण ती जागेवर टिकत नसे. कॅलिफोर्नियातील झुकरमन आणि शू यांचे ‘एक्स-स्टॉप’ हे टायटॅनियमचे साधन जागेवरच्या भुलीत बसवता येत असे. १९१ रुग्णांच्या चाचणीत ते विनाशस्त्रक्रिया उपचारांपेक्षा सरस ठरले आणि २००५मध्ये एफडीए या अमेरिकी नियामक संस्थेने त्याला मान्यता दिली. मात्र खरी तुलना मोकळे करण्याच्या शस्त्रक्रियेशी व्हायला हवी होती. ती नेदरलँड्समध्ये तशाच प्रकारच्या ‘कोफ्लेक्स’ साधनाच्या बाबतीत झाली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५९ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांना आराम सारखाच पडला, पण पहिल्याच वर्षात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण साधन बसवलेल्यांत २९ टक्के, तर दुसऱ्या गटात ८ टक्के होते. एक्स-स्टॉप २०१५च्या सुमारास बाजारातून गेले. त्याच वर्षी मान्यता मिळालेल्या ‘सुपेरियन’ या नव्या साधनाची चाचणी एक्स-स्टॉपशीच तुलना करून झाली होती.

दुसरा मार्ग थेट अस्थिबंधाकडे वळला. ‘माइल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २००६मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या पद्धतीत पाठीत ५.१ मिलिमीटरची नळी घातली जाते. रुग्ण जागेवरची भूल आणि गुंगीच्या औषधावर असतो. मणक्यांच्या नळीत सोडलेल्या द्रवामुळे मज्जातंतूंच्या आवरणाची सीमा एक्स-रेच्या पडद्यावर दिसते. ती सीमा न ओलांडता कमानीच्या कडेचे थोडेसे हाड आणि जाड अस्थिबंधाचे तुकडे कोरून काढले जातात. टाके लागत नाहीत आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. मर्यादा उघड आहे. दाब मुख्यतः अस्थिबंधाचा असेल तरच ही पद्धत उपयोगी. सांध्याच्या हाडाने वा घसरलेल्या मणक्याने नळी आवळली असेल तर ती अपुरी पडते. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१४मध्ये तिचा खर्च फक्त मंजूर संशोधनातील रुग्णांपुरता देऊ केला. त्यानंतरच्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर या पद्धतीने ५८ टक्के रुग्णांना लक्षणीय गुण आला, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने २७.१ टक्क्यांना. पण कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्णांना माहीत होते, आणि तुलना शस्त्रक्रियेशी नव्हती.

इंजेक्शनचे स्वतःचे मूल्यही शंकास्पद ठरले होते. १९५०च्या दशकापासून नळीभोवती स्टेरॉइड देण्याची पद्धत रुळली होती. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत स्टेरॉइड मिसळलेले आणि नुसते बधिर करणारे औषध यांच्या परिणामांत सहा आठवड्यांनी नगण्य फरक दिसला.

मुंबईतून आलेली वेगळी मांडणी

‘किती काढावे’ या प्रश्नाला ‘काहीच काढू नये’ असे उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातून आले. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या जोडणीसाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. अतुल गोयल यांनी २०१०पासून वेगळी उपपत्ती मांडली. त्यांच्या मते मूळ दोष अस्थिरतेचा आहे. पाठीचे स्नायू दुबळे पडले की फॅसेट सांधे उभ्या दिशेने एकमेकांवर सरकतात, त्यामुळे गादी बसते आणि अस्थिबंध दुमडतो. म्हणजे अरुंदपणा हा परिणाम आहे. म्हणून सांध्यांत पाचर घालून अंतर वाढवावे किंवा स्क्रूने सांधे स्थिर करावेत, हाड वा अस्थिबंध काढू नये, असा त्यांचा आग्रह आहे. ही मांडणी सर्वमान्य झालेली नाही, आणि पाश्चात्त्य देशांतील मोठ्या चाचण्यांचा कौल उलट दिशेने गेला आहे.

चाचण्यांचा कौल आणि आजचा क्रम

तो कौल पुढीलप्रमाणे आहे. २००८च्या अमेरिकी ‘स्पोर्ट’ अभ्यासात, प्रत्यक्ष मिळालेल्या उपचारानुसार पाहता, शस्त्रक्रिया झालेल्यांना इतरांपेक्षा अधिक आराम पडला. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६९ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी या गटांत दोन वर्षांनी फरक नव्हता, पण व्यायामाच्या गटातील निम्म्याहून अधिक जणांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. जोडणीबाबत २०१६मध्ये स्वीडनच्या २४७ रुग्णांच्या चाचणीत नुसते मोकळे करणे आणि सोबत मणके जोडणे यांचा गुण सारखाच आला. २०२१मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या चाचणीने मणका घसरलेल्यांतही नुसते मोकळे करणे कमी पडत नाही, हे दाखवले. मोकळे करण्याच्या तीन पद्धतींची तुलना नॉर्वेतच ४३७ रुग्णांत झाली: एका बाजूने शिरून दोन्हीकडे पोहोचणे, दोन्ही बाजूंनी खिडक्या पाडणे आणि काटा कापून बाजूला करणे. दोन वर्षांनी तिन्हींचा गुण सारखाच होता.

या सगळ्यातून आजचा उपचारक्रम उभा राहिला आहे. सुरुवात पुढे वाकवणारे व्यायाम, सायकल, वजन आटोक्यात ठेवणे आणि वेदनाशामक औषधे यांनी होते. बऱ्याच रुग्णांचा त्रास वर्षानुवर्षे वाढत नाही. चालण्याचे अंतर घटतच गेले आणि रोजचे जगणे अडले तर मज्जातंतू मोकळे करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती सूक्ष्मदर्शकाने, नळीतून की दुर्बिणीने करायची, हे शल्यविशारदाचा हात कशावर बसला आहे यावर सोपवले जाते. लहान छेदाचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत, कमी वेदना आणि कमी रक्तस्रावाच्या रूपात मिळतो. दोन वर्षांनंतरचे चालणे नळी पुरेशी मोकळी झाली की नाही यावर ठरते. मणका ठळकपणे अस्थिर असेल तरच जोडणीचा विचार होतो. हृदय वा फुप्फुसांच्या विकारामुळे पूर्ण भूल धोक्याची असलेल्या आणि दाब मुख्यतः अस्थिबंधाचा असलेल्या रुग्णांसाठी सुईच्या वाटेचे उपाय राखून ठेवले जातात. लघवी अडणे, गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने जाणे ही लक्षणे दिसली तर मात्र हा क्रम बाजूला ठेवून तातडीने नळी उघडावी लागते.